तेरा पत्ते, दोनच रंग

माझ्या मावशीला सगळे 'मावेल' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ठाऊक आहे. तिचा सामान हलवण्याचा धंदा आहे. एक ट्रक, दोन हमाल, दोरखंडांची वेटोळी, जुन्या ब्लँकेटांचा ढीग आणि एक फोन. पलीकडून कुणीतरी घाबरत विचारतं, "अहो, आमचं कपाट तुमच्या ट्रकमध्ये मावेल ना?" मावशीने कपाट बघितलेलं नसतं, ट्रकही आधीच अर्धा भरलेला असतो, तरी ती 'मावेल!' असं काही म्हणते की कपाटालाही धीर येतो.

एकदा एका बाईंचा सोफा जिन्याच्या वळणावर अडकला. वर जाईना, खाली येईना. बाई वरून ओरडतायत, "अहो, माझं कापड! अहो, माझे पाय!" पाय सोफ्याचे, पण आवाज असा की हमाल स्वतःचे पाय तपासू लागले. मावशी शांतपणे म्हणाली, "उभा करा त्याला. आता कुशीवर. आता जरा मागे घ्या, आपण परत चाललोय असं वाटू दे त्याला." आणि सोफा सुळकन वर. बाई थक्क. मावशी हात झटकत म्हणाली, "वजनाचं काय एवढं, वजन उचलता येतं. आकार ओळखता आला पाहिजे."

आणि हिला सासू मिळाली ती पोस्टात पार्सलं तोलणारी! आजींनी उभा जन्म पार्सलांच्या खिडकीमागे काढला. पाकीट तळहातावर ठेवलं की काट्याकडे न बघता वजन सांगायच्या. आता निवृत्त आहेत, पण तोलणं काही सुटलं नाही. टोमॅटो तोलतात, बातम्या तोलतात, पाहुण्यांचं हसू तोलतात. ओठ मिटायचे, भुवई किंचित वर, मग एक बारीकसं "हं." मी हे 'हं' आरशासमोर बसवलंय. काका, म्हणजे मावशीचा नवरा, माझं 'हं' ऐकून एकदा पेपर टाकून सरळ बसले होते.

आजी आणि आजोबा ब्रिजमधले भिडू. आजोबा गेले, तसा पत्त्यांचा जोड खणात गेला आणि खण बंद. मग मावशी लग्न होऊन घरात आली, चमचे शोधताना तिने नेमका तो खण उघडला आणि विचारलं, "आई, हे कोण खेळतं?" आजींनी म्हणे जोडावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "बस." स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. ब्रिजला चौघं लागतात, म्हणून एका खुर्चीसमोर पाण्याचा जग आणि दुसऱ्या खुर्चीसमोर टोस्टर. मावशी अजून म्हणते, टोस्टर बरा खेळायचा. आणि पुढे क्लबात आजींच्या समोरच्या, आजोबांच्या खुर्चीत मावशी बसली. आजींनी तसं मोठ्याने कधी म्हटलं नाही, पण त्या खुर्चीत बसायला आणखी कुणाला कधी सांगितलंही नाही.

एरवी दोघी एकमेकींशी थेट बोलतच नाहीत. भांडण नाही हो, रीतच तशी. लेकी बोले सुने लागे, ही म्हण आमच्या घरी रोज वापरात आहे. आजींना लेक नाही, त्यामुळे ते काम शिक्षणासाठी इथे राहणाऱ्या माझ्याकडे येतं. "सांग हो कुणाला तरी, गॅस उगाच जळतोय," असं माझ्याकडे बघून म्हणायचं आणि मावशीने स्वयंपाकघरातून ओरडायचं, "बंद केला म्हणावं!" म्हणजे आठवड्यातून एक दुपार त्या समोरासमोर बसतात, थेट बोलतात आणि एकमेकींचं लक्ष देऊन ऐकतात, ती ब्रिजच्या टेबलावर. तिथेही बोलायचं काय? "एक किलवर." "दोन बदाम." एवढंच. पण तेवढ्यात त्या जगभरचं बोलून घेतात.

खेळ येत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाला तेरा पत्ते. बोलीतला आकडा म्हणजे सहाच्या वर आपण किती हात करणार: एक म्हटलं तर सात हात, चार म्हटलं तर दहा, सहा म्हटलं तर तेरापैकी बारा. जो रंग बोलाल तो हुकूम. पुढची बोली आधीच्यापेक्षा चढी हवी, आणि रंग चढत जातात ते किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असे. आता बोलायला जोर आहे की नाही हे कळायला पत्त्यांना गुण देतात. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक. बारा गुण झाले की तोंड उघडायचं, नाहीतर पास. आजींचा धर्म हाच. वजन करा, मग बोला.

मावशी गुण मोजते, नाही असं नाही. पण हातात एकाच रंगाचे सात पत्ते आले, किंवा दोन रंगांनीच सगळी पंगत अडवली, आणि बाकीच्या रंगांचं एकही पान नसलं की तिचं भान सुटतं. चित्रं नसली तरी चालतात. लांबच लांब रंग, कडेला रिकामी जागा. तिला ट्रक दिसतो. मावेल!

आमचा क्लब टायरच्या दुकानाच्या वर आहे. जिन्यात रबराचा वास, खाली हवा भरण्याचा पंप. वर कुणी विचारात पडलं की खालून 'फुस्स' होतं आणि विचार करणारा ओशाळतो. बोली तोंडाने बोलतात आणि नियम असा की आवाज सपाट हवा. आवाजात जरा जास्त आनंद आला की तो भिडूला केलेला इशारा, म्हणजे लबाडी. त्यामुळे सगळे फलाटावरच्या घोषणेसारखे बोलतात, किंवा तसा प्रयत्न करतात. आजींचं 'पास' म्हणजे पाकिटावर शिक्का: ठप्प. क्लबातल्या दोन बहिणी 'पास' म्हणतात ते कुणीतरी निजलेलं असल्यासारखं. कात्री, म्हणजे आमच्या चौकातले केशकर्तनवाले, 'एक बदाम' असं म्हणतात जणू विचारतायत, बाजूने अजून थोडं काढू का? आणि त्यांचा भिडू म्हणजे त्यांचाच मेहुणा. तो बोलतो की खोकतो हे टेबलावर नेहमी विचारावं लागतं.

"काय म्हणालात?"

"ख्पास."

मावशीचं सांगू? लांब रंग हातात आला की तिचा आवाज जिना चढतो. 'एक' खालच्या मजल्यावर, 'इस्पिक' गच्चीवर. आजींनी तिला या आवाजासाठी टोस्टरसमोर महिनाभर बसवलं होतं. आता सपाट बोलते, पण कान लाल होतात. कानांबद्दल नियम नाही.

तर झालं असं. क्लबाच्या स्पर्धेत, अंतिम फेरीच्या आधीच्या खेळात मावशीकडे आले सहा बदाम आणि पाच किलवर. गुण नावाला. ती चढत चढत पाच बदामांपर्यंत गेली. विरुद्ध जोडीने डबल दिलं, म्हणजे बुडालात तर दुप्पट बुडाल. खेळतो तो बोली जिंकणारा, त्याचा भिडू आपले पत्ते उघडे मांडतो; तसे आजींनी मांडले, त्यात बदामाचं एक पान नव्हतं. औषधालासुद्धा नव्हतं. पाच हात बुडाले. खाली पंप 'फुस्सऽऽ' म्हणाला आणि दोन बहिणींतली धाकटी हसता हसता खुर्चीवरून घसरली.

त्या दिवशी आम्ही ट्रकमधूनच परतलो. केबिनमध्ये मावशी स्टिअरिंगवर, आजी खिडकीशी पर्स मांडीवर घट्ट धरून, मधे मी, म्हणजे टपालपेटी. मग आजी काचेतून बाहेर बघत मला म्हणाल्या, "कात्री मला भिडू म्हणून विचारतोय. केव्हाचा. मी आजवर नाही म्हणत आले."

मी म्हटलं, "आणि त्याचा मेहुणा?"

"तो शेजारीच बसला होता. खोकला." आजींनी पर्सचा चाप दाबून बघितला. "कुणाला तरी सांगून ठेव. बारा गुण नसतील तर पास. अंतिम फेरीत पुन्हा अशी उधळण झाली, तर मी कात्रीसमोर बसेन. या वयात माझ्याने बुडणं होत नाही."

मावशीने गिअर बदलला. ट्रकही कण्हला. "सांग म्हणावं," ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "बारा नसतील तर पास. शब्द दिला."

घरी आल्यावर ती मला भांडी घासायच्या जागी गाठून म्हणाली, "ती खुर्ची गेली ना, तर मी आणि आई उरलेला जन्म गॅसवर बोलणार गं." आणि हसली. पण नळ बंद करायला विसरली.

अंतिम फेरी रविवारी दुपारी. मी मावशीच्या मागे स्टुलावर, चेहरा दारासारखा ठेवण्याच्या बोलीवर. मावशी त्या दिवशी अशी खेळत होती की मला रडू यावं. अकरा गुण, पास. दहा गुण, पास. पोस्टाची खिडकी झाली होती तिची. बोलायचे पत्ते आले तेव्हा बोलली, पण पायरी पायरी धरून, कठड्याला हात लावून. आजी प्रत्येक डावानंतर "हं" म्हणत होत्या, आणि ते बऱ्यापैकी खूश 'हं' होतं. कात्री मात्र पत्ते पिसता पिसता कुजबुजायचं सोडत नव्हते. "आजी, तुमचा हिशेब म्हणजे काय सांगू! तुम्ही आणि मी एका बाजूला बसलो ना, तर क्लबाला दुसरी बाजूच उरणार नाही."

मेहुणा खोकला.

शेवटचा डाव. बोलीची सुरुवात मावशीने करायची. तिने पत्ते उचलले, पंख्यासारखे उघडले आणि मला मागून दिसलं.

चौकट. चौकट. चौकट. सात चौकट! राणी, गुलाम, दहा आणि खाली रांग. आणि मग इस्पिक: राजा, राणी, गुलाम, दहा, नऊ, आठ. बदाम नाही. किलवर नाही. तेरा पत्ते, दोनच रंग. असा डाव माणसाला जन्मात एकदा येतो आणि तो नेमका शब्द दिल्यावर यावा!

माझा चेहरा दारासारखा होता, पण ते दार आतून कुणीतरी धडाधडा ठोठावत होतं. मावशीचे कान हळूहळू पिकू लागले. ती मोजत होती. इस्पिकचा राजा तीन, राणी दोन, गुलाम एक. चौकटची राणी दोन, गुलाम एक. नऊ. तिने पुन्हा मोजले. परत नऊच. पत्ते काही लाजून दहा होणार नव्हते.

खालून पंप: फुस्स.

"पास," मावशी म्हणाली. इतकं सपाट की इस्त्री केल्यासारखं.

कात्री: "एक बदाम." बाजूने अजून थोडं काढू का?

आजी: "पास." ठप्प.

मेहुणा: "ख्चार बदाम."

"काय म्हणालात?"

"चार. बदाम." मेहुण्याच्या तोंडून इतकं स्पष्ट मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता पुन्हा मावशी. 'पास' म्हटलं की संपलं, डाव कात्रीचा. खुर्ची शाबूत, शब्द शाबूत. मावशीने पत्ते मिटले. उघडले. दोन्ही कान आता सिग्नलसारखे. नंतर तिने मला सांगितलं की तिने स्वतःशी फक्त एवढाच वाद घातला: बारा नाहीत तर पास असं ठरलं होतं, तर पास म्हणून झालंय की. एकदा फेडलेला शब्द पुन्हा कोण मागतं? वकिलानेही लाजावं असा मुद्दा, आणि तोही त्या घाईत.

"चार इस्पिक," ती म्हणाली.

आजींची भुवई वर गेली आणि तिथेच राहिली.

कात्रींचा हात हवेत कातरल्यासारखा हलला. "पाच बदाम."

आजी, पास. मेहुणा, खोकला, म्हणजे पास. मावशीने खोल श्वास घेतला, सोफा उचलण्याआधी घेते तसा.

"सहा चौकट."

हॉलमध्ये शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. सहा चौकट म्हणजे तेरापैकी बारा हात. कुणी म्हटले? जिने आधी 'माझ्याकडे काही नाही' म्हणून पास दिला तिने! घरात पीठ नाही म्हणायचं आणि पंगतीचं आमंत्रण द्यायचं, त्यातला प्रकार. कात्री आधी हसले, मग पत्त्यांकडे बघून आणखी हसले. त्यांच्याकडे इस्पिकचा एक्का, बदामांचा अख्खा दरबार आणि वर किलवरचा एक्का-राजा. "डबल," ते म्हणाले आणि आजींकडे सहानुभूतीने बघून मान हलवली. पुढच्या आठवड्यापासून तुम्ही सुटलात, अशी ती मान होती.

आता आजी.

आजींनी कुणाकडे बघितलं नाही. त्यांनी आपले पत्ते टेबलावर उपडे ठेवले आणि रिकामा तळहात त्यावर ठेवला. पार्सल तोलताना ठेवायच्या तसा. मी दाराचा चेहरा विसरून त्यांच्याकडे बघत होते. ओठ मिटलेले. भुवई वर. मला वाटलं, आता त्या उठतील, पर्स उचलतील आणि जिना उतरून कुठल्यातरी टायरवर जाऊन बसतील.

खालचा पंपसुद्धा गप्प होता.

"रीडबल," आजी म्हणाल्या.

म्हणजे डबलवर आणखी डबल. म्हणजे तुम्हाला वाटतं ना बुडणार? बुडवून दाखवा. आजींनी आजवर रीडबल म्हटल्याचं क्लबात कुणाला आठवत नव्हतं, मोठ्या बहिणीला तर क्लब टायरच्या दुकानाआधीचा आठवतो. आणि आवाज? आजींचा आवाज जिना चढला! 'री' खालच्या मजल्यावर, 'डबल' गच्चीवर. ज्या बाईने सुनेला टोस्टरसमोर बसवलं होतं, तिचा!

"आवाज, आजी," कात्री क्षीणपणे म्हणाले.

"यानंतर सगळ्यांचा पासच होणार आहे," आजी म्हणाल्या. "कुणाला इशारा करू, मेहुण्याला?"

कात्रींनी बदामाचा एक्का टाकला. आजींनी आपले पत्ते मांडायला घेतले, कारण खेळणार मावशी आणि भिडूचे पत्ते उघडे. पहिल्यांदा चौकटचा एक्का ठेवला. मग शेजारी चौकटचा राजा, हळूच, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग बाकीचं फुटकळ सामान, इस्पिकचे दोन छोटे आणि इतर भरताड. सातच गुण. पण ते सात कुठे होते बघा!

मावशीने एक्का बघितला, राजा बघितला आणि तोंडावर हात ठेवला. नऊ अधिक सात, सोळा गुण. चाळीस गुणांच्या गठ्ठ्यात सोळा. आजींच्या शाळेत या गुणांवर सात हातसुद्धा मागत नाहीत.

बाकी काही खेळच नव्हता. बदामाचा एक्का मावशीने हुकमाने मारला. चौकटचा एक्का, चौकटचा राजा, विरुद्ध जोडीचे हुकूम संपले. मग इस्पिक. कात्रींनी आपला एक्का घेतला, एवढाच त्यांचा वाटा. मग त्यांनी बदामाचा राजा आपटला, तो मावशीने पुन्हा हुकमाने मारला आणि उरलेले सगळे पत्ते टेबलावर पसरले. इस्पिक आणि चौकट, काळे आणि लाल, दुसरं काही नाही.

मेहुण्याने वाकून ते पत्ते बघितले. आणि तो बोलला. आख्खं वाक्य बोलला, खोकला न येता. "भावजी, यात आपले बाकीचे एक्के-राजे कुठे चालवायचे होते?"

कात्रींनी आपले एक्के-राजे बघितले. चांगले होते बिचारे. चालवायला जागाच नव्हती.

फेरी आम्ही जिंकलो नाही हो. पासच्या त्या दोन बहिणी जिंकल्या. दिवसभर निजलेल्यांना न उठवता त्यांनी कप नेला. आमचं घर तिसरं आलं. पण ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण त्या क्षणी आमच्या टेबलावर वेगळंच पेटलं होतं.

"सूनबाई," आजी म्हणाल्या. थेट. माझ्याकडे न बघता, मावशीच्या डोळ्यांत बघून. मावशीने खुर्चीचे हात घट्ट धरले. मला वाटलं, झालं. डाव जिंकला आणि खुर्ची गेली.

"पास?" आजी म्हणाल्या. "तेरा पत्ते दोन रंगांत, आणि पास? तुला वेड लागलंय का गं?"

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. "आई, तुम्हीच म्हणालात, बारा नसतील तर..."

"म्हणाले! मी म्हणाले म्हणून? मी दुपारभर बघतेय, समोर कोण बसलंय तेच कळेना. पास, पास, पास. मीच बसलेय समोर! माझ्या समोर मी कशाला हवी? आमच्या ह्यांनी माझं एक ऐकलं असतं तर मी त्यांच्यासोबत एवढी वर्षं खेळले असते का?"

"तुम्ही म्हणालात की बुडणं होत नाही!"

"तेव्हा राग आला होता. राग आल्यावर माणूस काहीही बोलतं, तू तरी तोलून घ्यायचंस!"

"आणि मी बुडाले असते तर आज?"

"तू चौकटची राणी-गुलाम धरून एकटीच्या बळावर सहावर गेलीस. एक्का आणि राजा माझ्याकडे. जे माझ्या हातात आहे ते तू तुझ्या हिशेबात धरलेलंच नाहीस, आणि तरी तू सहा म्हणतेस. मग काय बुडायचंय? मला साधी बेरीज येते."

कात्री मधेच घसा खाकरून, सवयीने जरासे पुढे वाकून म्हणाले, "आजी, ते आपलं पुढल्या आठवड्याचं..."

"तुम्ही मेहुण्याला सांभाळा," आजी म्हणाल्या. "आत्ता कुठे बोलायला लागलाय." आणि पुन्हा मावशीकडे वळल्या. "पहिलीच बोली एक चौकट. लांब रंग आधी. मग इस्पिक. मग पुन्हा इस्पिक, म्हणजे मला कळतं दोन्ही लांब आहेत. हे मी तुला टोस्टरसमोर शिकवलं होतं."

"एक चौकट म्हटलं असतं तर हे लगेच चार बदामांवर जाऊन बसले असते," मावशी आता उठून उभी राहिली होती, "मग इस्पिक कधी सांगू, घरी गेल्यावर?"

"चारवर सांगायचं!"

"आणि पाचवर गेले की?"

"पाचवरही सांगायचं! तुला कोणी अडवलंय?"

"तुम्हीच!"

दोन बहिणी आपापले चष्मे काढून, पुसून, पुन्हा लावून बघत होत्या. दोघी भांडतच निघाल्या; आजी पर्स विसरल्या म्हणून मी ती उचलली आणि मागून निघाले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही. जिन्यात टायरवाला हवा भरायची थांबवून बाजूला झाला, कारण दोघी एकाच वेळी बोलत, एकाच पायरीवर, हातवारे करत उतरत होत्या.

"एक चौकट!"

"सरळ चार इस्पिक!"

"सहाच्या रंगाने सुरुवात, सातचा घरात ठेवून? अगं, पत्ते हसतील!"

"हसू देत, आई, निदान कात्रीला तरी बोलायला जागा उरली नसती!"

"मग पुढच्या वेळी असा डाव येऊ दे," आजी म्हणाल्या, "आणि म्हणून तर दाखव. मग बघते."